होळकरांचा संघ कोणाचा?

दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरात राहणाऱ्या मराठी माणसास ‘आपण कुठले?’ असा प्रश्न कोणी केला, की त्याची थोडी पंचाईत होते. बदली कोठून झाली ते सांगावे, की मूळ गाव सांगावे? ज्या राणीचे नाव या वसाहतीस दिले आहे तिचीही गोष्ट याहून फारशी निराळी नव्हे. तांब्यांच्या घराण्यातली ही मुलगी काशीस जन्मली, पेशव्यांच्या आश्रयाने बिठूरास वाढली, झाशीस नांदली आणि ग्वाल्हेरीस पडली. महाराष्ट्राच्या भूमीशी तिचा संबंध केवळ कुळाचा. तिला झाशीची म्हणावयास मात्र कोणी क्षणभरही कचरत नाही.

खेळाच्या मैदानावर हाच प्रश्न अधिक कडवटपणे विचारला जातो. याचे सर्वांत बोलके उदाहरण इंग्लंडातल्या फुटबॉलचे आहे. १८८० च्या सुमारास लँकेशायरातील गिरणीगावांच्या संघांनी स्कॉटलंडातून खेळाडू आणण्यास आरंभ केला. चेंडू घेऊन एकट्याने धावत सुटण्याऐवजी तो एकमेकांकडे देत पुढे न्यावयाचा, ही विद्या या मंडळींनी इंग्रजांस शिकविली, म्हणून त्यांना थट्टेने आणि आदरानेही ‘स्कॉच प्रोफेसर’ म्हणत. खेळाबद्दल पैसे घेणे तेव्हा निषिद्ध होते. साहजिकच गिरणीत वा कारखान्यात नावापुरती नोकरी द्यावयाची आणि वेतन मात्र गोल करण्याबद्दल मोजावयाचे, असा मार्ग निघाला. अखेरीस १८८५ साली इंग्लिश फुटबॉल संघटनेने धंदेवाईक खेळाडूंस उघड मान्यता दिली. १८९२ साली स्थापन झालेल्या लिव्हरपूलच्या पहिल्या संघात तर ‘मॅक’ने आरंभ होणारी आडनावे इतकी होती, की लोक त्याला मॅक मंडळींचा संघच म्हणू लागले.

परंतु स्कॉटलंडाने या मुलखावेगळ्या झालेल्या पुत्रांना माफ केले नाही. सीमा ओलांडून इंग्रज क्लबाकडे गेलेला खेळाडू राष्ट्रीय संघासाठी निवडावयाचा नाही, असे धोरण तेथील संघटनेने १८९६ पर्यंत चालविले. प्रेस्टनचा नामवंत कर्णधार निक रॉस हा एडिंबरोचा. पण स्कॉटलंडाकडून तो एकदाही खेळू शकला नाही. उलट त्याच प्रेस्टनचा जॉन गुडॉल स्कॉट आईबापांचा आणि स्कॉटलंडात वाढलेला असूनही, जन्म लंडनचा म्हणून इंग्लंडाकडून खेळला. १८९६ च्या एप्रिलात इंग्लंडाशी सामना होता, तेव्हा प्रथमच इंग्लंडवासी स्कॉट खेळाडूंस बोलावणे गेले आणि स्कॉटलंडाने तो सामना दोन विरुद्ध एक गोलाने जिंकला. गरज पडली की मूळ गाव आठवते, हे बाहेरगावी राहणाऱ्या कोणाही माणसास नवे नाही!

आपल्याकडे या कथेचे जवळचे भावंड शोधावयाचे तर इंदुरास जावे लागेल. होळकरांचा क्रिकेट संघ रणजी करंडकाच्या स्पर्धेत १९४१-४२ पासून १९५४-५५ पर्यंत खेळला. त्याआधी हा भाग ‘सेंट्रल इंडिया’ या नावाने स्पर्धेत उतरत असे. या चौदा वर्षांतल्या शेवटच्या अकरा हंगामांपैकी दहांत होळकर संघ अंतिम सामन्यात होता. केवळ १९४८-४९ चे वर्ष चुकले. त्यातले चार सामने त्याने जिंकले : १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३. मुंबईच्या तोलाचा संघ त्या काळी बडोद्याखेरीज दुसरा कोणता असेल तर तो हाच.

मग हे खेळाडू इंदूरचे होते काय? थोडेच होते. पहिलेच नाव घ्यावयाचे ते सी. के. नायडूंचे. हे नागपूरचे, तेलुगू घराण्यातले. १९२३ साली तुकोजीराव होळकरांनी त्यांना इंदुरास बोलावून आपल्या सैन्यात अधिकारपद दिले. तीन वर्षांनी मुंबई जिमखान्यावर एम. सी. सी. च्या संघाविरुद्ध त्यांनी जे १५३ धावांचे तांडव केले, त्यात अकरा षटकार होते. भारतास कसोटी दर्जा मिळावा ही मागणी त्या डावाने किती बळावली, हे क्रिकेटच्या इतिहासकारांनी पुष्कळदा सांगितले आहे. १९३२ साली लॉर्ड्सवर भारत पहिला कसोटी सामना खेळला तेव्हा कर्णधार हेच होते. म्हणजे स्कॉटलंडात जे घडले त्याच्या अगदी उलट येथे घडले. गाव सोडून दुसऱ्याच्या चाकरीस गेलेला माणूस देशाचा अग्रणी झाला, आणि नागपूरकरांनीही त्याच्याबद्दल अभिमानच बाळगला.

येथे ‘चाकरी’ या शब्दावर थोडे थांबले पाहिजे. लँकेशायरच्या गिरणीमालकांनी जे गिरणीच्या हजेरीपटावर साधले, ते आपल्या संस्थानिकांनी फौजेच्या पटावर साधले. कॅप्टन, मेजर, कर्नल ही पदे खेळाडूंच्या नावामागे लागत ती लढाई मारल्याबद्दल नव्हे. त्यात कवायत किती आणि फलंदाजी किती, हा हिशेब कोणी मांडीत नसे. या आश्रयाचे गोडवे गाणारे पुष्कळ आहेत. पण तो माळव्यातल्या रयतेच्या साऱ्यातून उभा राहिलेला होता, हेही विसरता कामा नये. तथापि ज्या काळी खेळाडूस पोटासाठी दुसरे काहीच साधन नव्हते, त्या काळी या नोकऱ्यांनी एक गोष्ट निश्चित दिली : पंधरा-वीस वर्षांची स्वस्थता. पंचविशीत खेळ सोडून कारकुनी पत्करावी लागलेले गुणी खेळाडू तेव्हा गावोगाव होते. नायडू मात्र पन्नाशीत, १९४५-४६ च्या अंतिम सामन्यात, बडोद्याविरुद्ध २०० धावा काढीत होते.

त्यांच्या हाताखालची मंडळी पाहावी. मुश्ताक अली खास इंदूरचे. १९३६ साली मँचेस्टर येथे परदेशातील पहिले भारतीय कसोटी शतक त्यांनी झळकाविले. १९४५ साली कलकत्त्यास ऑस्ट्रेलियन सैनिकी संघाविरुद्धच्या सामन्यातून त्यांना वगळले, तेव्हा तेथील लोकांनी ‘मुश्ताक नाही तर सामनाही नाही’ म्हणून निवडकर्त्यांस घेरले. इंदूरच्या मुसलमान खेळाडूसाठी बंगालची जनता रस्त्यावर येते, आणि तीही फाळणीच्या उंबरठ्यावर! चंद्रशेखर त्र्यंबक सरवटे सागरचे. वकिलीचे शिक्षण झालेले आणि पुढे बोटांच्या ठशांचे तज्ज्ञ म्हणून काम केलेले. १९४६ साली ओव्हलवर सरेविरुद्ध दहाव्या क्रमांकावर येऊन त्यांनी शुटे बॅनर्जींसह शेवटच्या जोडीसाठी २४९ धावा जोडल्या. दोघांचीही शतके झाली. हिरालाल गायकवाड नागपूरचे, खंडू रांगणेकर मुंबईचे, भाऊसाहेब निंबाळकर कोल्हापूरचे. यांच्या जोडीला माधवसिंह जगदाळे, कमल भांडारकर. ही नावे वाचताना एखाद्या मराठी शाळेची हजेरी घेतल्यासारखे वाटते.

१९४५-४६ सालच्या इंदूरच्या सामन्यात या मंडळींनी म्हैसूरची जी दशा केली तिला तोड नाही. आठ बाद ९१२ वर होळकरांनी डाव घोषित केला, आणि त्यात सहा जणांची शतके होती : भांडारकर, सरवटे, जगदाळे, नायडू, निंबाळकर आणि प्रतापसिंह. प्रथम दर्जाच्या क्रिकेटात असे त्यापूर्वी कधी घडले नव्हते. आता यातील दोन नावे लक्षात ठेवावीत. तीन वर्षांनी, १९४८ च्या डिसेंबरात, पुण्यास काठेवाडविरुद्ध महाराष्ट्र खेळत होता. तेव्हा दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावा जोडणारी जोडी याच भांडारकर-निंबाळकरांची. निंबाळकरांनी नाबाद ४४३ केल्या. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम मोडण्यास दहा धावा हव्या होत्या, तोच काठेवाडच्या कर्णधाराने, म्हणजे राजकोटच्या ठाकोरसाहेबांनी, सामना सोडून दिला. असा फलंदाज एकही कसोटी खेळला नाही. सांगावयाचे ते हे, की आज होळकर, उद्या महाराष्ट्र, परवा पुन्हा होळकर हा प्रवास या खेळाडूंस विचित्र वाटत नव्हता, आणि त्यांच्या मायभूमीनेही त्यांच्यावर बहिष्कार घातला नाही.

पण होळकर संघाचे चित्र कोरून ठेवावे असा सामना मात्र त्याने हरलेला आहे. १९४५ च्या मार्चमध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर अंतिम सामना झाला. डेनिस कॉम्प्टन तेव्हा ब्रिटिश सैन्यात होता आणि त्याची नेमणूक इंदूरशेजारच्या महू छावणीत होती. मिडलसेक्सचा फलंदाज, आर्सेनलचा फुटबॉलपटू, इंग्लंडचा कसोटीवीर. पण बदलीने महूस आला आणि होळकरांचा झाला! मुंबईने पहिल्या डावात ४६२ केल्या, होळकरांनी ३६०. दुसऱ्या डावात विजय मर्चंटांनी २७८ काढल्या आणि मुंबईचा डाव ७६४ वर संपला. या दोन डावांत सी. के. यांचे धाकटे बंधू सी. एस. नायडू यांनी एकंदर ९१७ चेंडू टाकले. त्यांत अकरा बळी मिळाले आणि ४२८ धावा गेल्या. एका सामन्यात इतके चेंडू कोणीच टाकलेले नाहीत. उन्हाळा तोंडावर आलेला, खेळपट्टी निर्जीव, समोर मर्चंट, आणि मनगटाने चेंडू फिरविणारा हा एकटा गोलंदाज दिवसामागून दिवस येत राहतो. विक्रमांच्या पुस्तकात ही एक ओळ आहे; माणसाच्या खांद्याचा विचार केला म्हणजे तिचा अर्थ कळतो.

होळकरांपुढे ८६७ धावांचे लक्ष्य होते. अन्य कोणी संघ हताश झाला असता. मुश्ताक अलींनी पहिल्या डावातल्या १०९ वर दुसऱ्यात १३९ ची भर घातली, कॉम्प्टन नाबाद २४९ वर राहिला, आणि ४९२ वर डाव आटोपला. सामना ३७४ धावांनी गेला. चारही डावांच्या मिळून २०७८ धावा झाल्या.

दोन वर्षांनी बडोद्यास याहून वाईट पराभव पदरी आला. होळकरांच्या २०२ नंतर गुल महंमद आणि विजय हजारे यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागी केली. हा विक्रम २००६ पर्यंत टिकला. गुल महंमद लाहोरचे, ३१९. हजारे सांगलीचे, २८८. होळकर एक डाव ४०९ धावांनी हरले. गंमत ही, की गायकवाड आणि होळकर या दोन मराठी दरबारांच्या या झुंजीत निर्णायक भागीदारी सांगलीच्या आणि लाहोरच्या माणसांनी केली. ती झाली १९४७ च्या मार्चमध्ये. त्यानंतर पाच महिन्यांत लाहोर परदेश झाले, आणि गुल महंमद पुढे पाकिस्तानकडूनही कसोटी खेळले.

२८ मे १९४८ रोजी मध्यभारत संघ अस्तित्वात आला आणि होळकरांचे राज्य संपले. यशवंतराव होळकर उपराजप्रमुख झाले. क्रिकेट संघाचे नाव मात्र आणखी सात वर्षे चालले. राज्य नाही, फौज नाही, तरी संघ आहे, असा तो चमत्कारिक काळ होता, आणि चार अजिंक्यपदांपैकी दोन याच काळातली आहेत. शेवटचा अंतिम सामना १९५४-५५ साली इंदुरास झाला. मद्रासने तो ४६ धावांनी जिंकला. पुढच्या हंगामात पाटीवर ‘मध्यभारत’ लिहिले गेले आणि दोन वर्षांत ‘मध्यप्रदेश’. पाटी बदलली म्हणून संघ मोडला असे म्हणणे बरोबर नाही. तो मोडला, कारण पाटीमागची नोकरी गेली. खेळाडूंस पोसण्याचे काम पुढे रेल्वेने, सैन्यदलांनी, बँकांनी आणि मोठ्या कंपन्यांनी उचलले. सी. के. नायडू साठी उलटल्यावर उत्तर प्रदेशाचे कर्णधार झाले. निंबाळकर राजस्थान, रेल्वे असे फिरत राहिले.

तर हा संघ भाडोत्री होता काय? त्या काळी मुंबईत तसे म्हणणारे होते, आणि जन्मदाखले पाहिले तर त्यांचे म्हणणे खोडून काढता येत नाही. पण जन्मदाखल्याबरोबर दुसरीही नोंद पाहावी. सी. के. नायडू १९६७ साली वारले ते इंदुरास. धाकटे बंधू सी. एस. २००२ साली वारले तेही इंदुरास, आणि पुढच्याच वर्षी सरवटे व हिरालाल गायकवाड यांनीही तेथेच देह ठेवला. संस्थान गेले, दरबार गेला, बोलावून आणणारा धनी राहिला नाही. ही माणसे राहिली. रांगणेकर ठाण्यास परतले, भांडारकर पुण्यास जाऊन प्रशिक्षक म्हणून नावाजले, निंबाळकर कोल्हापुरास गेले. भाडोत्री हा शब्द दोघांनाही सारखाच गैरलागू आहे, असे माझे मत आहे. जो राहिला तो तेथला झाला. जो परतला त्याने चाकरीच्या काळात कसूर केली नव्हती.

इंदूरच्या नव्या मैदानास २०१० साली होळकरांचे नाव दिले गेले. मध्यप्रदेशास रणजी करंडकासाठी २०२२ च्या जूनपर्यंत थांबावे लागले. बेंगळूरच्या त्या अंतिम सामन्यात समोर मुंबईच होती आणि मध्यप्रदेश सहा गडी राखून विजयी झाला. संघाचे प्रशिक्षक होते चंद्रकांत पंडित : मुंबईचे, भारताचे माजी यष्टिरक्षक. खेळाडू म्हणूनही त्यांनी मध्यप्रदेशाचे नेतृत्व केले होते, आणि १९९८-९९ साली याच शहरात कर्नाटकाविरुद्ध अंतिम सामना त्यांच्या हातून निसटला होता.