समान आकाराचे आलेख आणि तुलनेची शिस्त : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :

एकाच प्रकारचे अनेक आलेख लागोपाठच्या पानांवर छापावयाचे झाल्यास त्यांचा आकार व मापप्रमाण सारखे कसे राखावे, हा प्रश्न वरकरणी मुद्रणाचा वाटतो. वस्तुतः तो वाचकाने काढावयाच्या अनुमानाशी निगडित आहे. प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा तीन टप्प्यांत मागोवा घेतला आहे.

प्लेफेअर यांचा ॲटलास :

विल्यम प्लेफेअर यांनी १७८६ मध्ये लंडन येथे ‘कमर्शियल अँड पोलिटिकल ॲटलास’ प्रसिद्ध केला. त्यातील ४४ आलेखांपैकी ४३ कालक्रमदर्शक होते. ताम्रपटावर कोरलेल्या या आलेखांत आडव्या अक्षावर वर्षे व उभ्या अक्षावर पौंडांतील रक्कम दर्शविली आहे. मात्र उभ्या अक्षाचे मापप्रमाण त्या त्या व्यापारानुसार बदलते. डेन्मार्क-नॉर्वेशी झालेल्या व्यापाराच्या आलेखात एक विभाग दहा हजार पौंडांचा आहे. इंग्लंडच्या एकूण व्यापाराचे माप दशलक्षांत जाते. परिणामी प्रत्येक देशाच्या आयात-निर्यातीतील तफावत ठळक होते. परंतु पाने उलटणाऱ्या वाचकास लहान व मोठा व्यापार सारख्याच उंचीचा भासतो. आकाराची समानता म्हणजे मापाची समानता नव्हे, हा धडा येथेच मिळतो.

सातूचे प्रयोग :

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात सहा ठिकाणी सातूच्या दहा वाणांचे प्रयोग झाले. १९३१ व १९३२ या दोन वर्षांचे उत्पादन १९३४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि आर. ए. फिशर यांनी १९३५ च्या आपल्या ग्रंथात त्यांतील आकडे उदाहरणादाखल वापरले. पुढे विल्यम क्लीव्हलँड यांनी ‘व्हिज्युअलायझिंग डेटा’ (१९९३) या ग्रंथात हीच माहिती सहा समान चौकटींत, एकाच मापप्रमाणावर मांडली. पाच ठिकाणी १९३१ चे उत्पादन एकंदरीत अधिक होते. मॉरिस येथे मात्र चित्र उलटे होते. तेथील वर्षांची अदलाबदल झाली असावी, असा निष्कर्ष क्लीव्हलँड यांनी काढला. केव्हिन राईट यांनी २०१३ मध्ये अन्य वर्षांचे आकडे तपासून असा फरक नैसर्गिकही असू शकतो, असे दाखविले. सारांश, समान चौकटी विसंगती निदर्शनास आणतात. तिचे कारण मात्र स्वतंत्रपणे शोधावे लागते.

संगणकीय मुद्रण :

बेल प्रयोगशाळेत विकसित झालेल्या ‘ट्रेलिस’ पद्धतीने ही शिस्त संगणकावर आणली. भारतीय संख्याशास्त्रज्ञ दीपायन सरकार यांनी ‘आर’ या प्रणालीसाठी ‘लॅटिस’ ही आज्ञावली रचली व २००८ मध्ये तिच्यावर ग्रंथ लिहिला. तीत स्तंभ, ओळी व पाने यांची संख्या आधीच ठरविता येते आणि अक्षांचे माप मुळातच समान धरलेले असते. एका पानावर बारा चौकटी ठरल्या आणि आलेख तीस असले, तर तिसऱ्या पानावर सहा जागा रिकाम्या राहतात. त्या भरण्यासाठी उरलेले आलेख ताणले, तर आधीच्या पानांशी तुलना तुटते.

निष्कर्ष :

प्रबंधातील आलेख पानात मावेल त्या मापाने बसविला, तर आकडे अचूक असूनही वाचकाची दिशाभूल होते. म्हणून चौकटीचा आकार प्रथम ठरवावा, अक्षांचे माप समान ठेवावे आणि ते बदलणे अपरिहार्य असल्यास तसे प्रत्येक पानावर नमूद करावे. मार्गदर्शक व परीक्षक यांनी आकड्यांइतकीच याचीही तपासणी करणे अगत्याचे आहे.