मंत्रचळाचा उतारा

आमच्या खानदेशात, जळगाव असो की धुळे, दिवसभर हात धुणाऱ्या बाईला ‘मंत्रचळ लागला’ म्हणून भगताकडे नेलेले मी पाहिले आहे. दोष मंत्राचा नव्हता, बाईचाही नव्हता. १९६६ साली लंडनच्या व्हिक्टर मेयर यांनी अशाच एका रुग्णाईतेला ‘विटाळलेल्या’ वस्तू हाताळायला लावल्या आणि तिच्या खोलीचे पाणीच बंद केले. धुतल्यावाचूनही भीती हळूहळू ओसरली! तीच रीत आज तज्ज्ञ पायरीपायरीने वापरतात. जोडीला औषधे असतात, त्यांचा गुण यायला दोन-तीन महिने लागतात.

वाचकहो, दिवाळीच्या साफसफाईत घरचे कुणी तीच फरशी दहादा पुसत असेल, तर ‘झाली हो स्वच्छ’ अशी ग्वाही पुनःपुन्हा देऊ नका. तिनेच रोग पोसतो. रागावूही नका. मनोविकारतज्ज्ञाकडे जाताना सोबत करा.