ताण्यातलं परदेशी रेशीम

सतवास हे देवास जिल्ह्याच्या दक्षिण भागातलं गाव. रेशमाची पेठ म्हणून त्याचं नाव कुणी घेत नाही. पण इथून नर्मदेच्या प्रवाहाबरोबर खाली गेलं की महेश्वर लागतं, आणि देवास-धारच्या पवारांच्या व इंदूरच्या होळकरांच्या मुलखातल्या मराठी घरांत महेश्वरी साडी नवी नाही. आज प्रचलित असलेल्या महेश्वरीचा ताणा रेशमी असतो, बाणा सुती. रेशमी सुताच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचं विवेचन करायला ही साडी पैठणीपेक्षा सोयीची आहे. पैठणीत दोन्ही दिशांना रेशीमच असल्याने कुठला धागा कुठून आला हे सहज कळत नाही. महेश्वरीत सगळं रेशीम एकाच दिशेला आहे, आणि आयातीचा खरा प्रश्न त्याच दिशेला आहे.

ताण्याचे धागे मागावर सतत ओढलेले असतात. वई उघडते-मिटते, फणी प्रत्येक ठोक्याला घासते. एक धागा तुटला की विणकर थांबतो, गाठ मारतो, मग पुढे. बाण्याचा धागा मात्र धोट्यातून सैल निघतो आणि एकदा ठोकला की त्याचं काम संपतं. म्हणून बाण्याला थोडं जाड-बारीक रेशीम चालतं, ताण्याला चालत नाही. ताण्यासाठी लागतो तो एकसारखेपणा. भारताने चीनकडून दीर्घकाळ विकत घेतला आहे तो मुख्यतः हाच गुण; रेशीम भारतातही भरपूर होतं.

हा गुण मोजायची भाषा ठरलेली आहे. ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. महेश्वरीच्या ताण्यात २०/२२ डेनियरचा धागा वापरतात, म्हणजे ९००० मीटरला २० ते २२ ग्रॅम. एका किलोत असा एकेरी धागा चारशे किलोमीटरहून लांब भरतो. एका कोषाचा तंतू दोन-तीन डेनियरचा, तेव्हा सात-आठ कोष एकत्र उकलून हा धागा बनतो. एखादा तंतू मध्येच संपला आणि उकलणाऱ्याने वेळेवर दुसरा जोडला नाही, तर तेवढ्या अंतरात धागा बारीक पडतो आणि पुढे मागावर नेमका तिथेच तुटतो. थंड हवामानातल्या, वर्षाला दोन पिढ्या देणाऱ्या द्विप्रज रेशीमकिड्यांच्या जातींचा तंतू हजार मीटरच्या वर जातो. दक्षिण भारतात पिढ्यान्‌पिढ्या पाळल्या गेलेल्या बहुप्रज आणि संकरित जातींचा त्याहून बराच आखूड. जितका तंतू आखूड तितके जोड जास्त. ए, २ए, ३ए अशी वर चढत जाणारी प्रत प्रामुख्याने या समानतेवर आणि स्वच्छतेवर ठरते.

वजनाचं गणितही सरळ नाही. रेशीम हवेतलं पाणी पितं आणि तरी हाताला कोरडंच लागतं. पावसाळ्यातल्या बंदरावर तोललेली गाठ वाळवंटात तोललेल्या गाठीपेक्षा जड भरणार. यावर ल्यों शहराने १८०५ मध्येच रेशमाची आर्द्रता तपासणारी संस्था अधिकृत केली. तिथून रुजलेली पद्धत अशी: नमुना पूर्ण वाळवायचा, कोरड्या वजनात ११ टक्के मिळवायचे आणि त्यावर किंमत लावायची. १०० किलो कोरडं रेशीम बिलात १११ किलो. वजनातली घट मात्र विणकराच्या पदरात पडते. तंतूवरचा डिंक, सेरिसीन, धुऊन काढला की कच्च्या रेशमाचं वीस ते पंचवीस टक्के वजन जातं. प्रतवारी आणि आर्द्रता या दोन मापांमुळेच न पाहिलेला माल हजारो मैलांवरून विश्वासाने घेता येऊ लागला, आणि याच मापांच्या जोरावर जपानने १८५९ मध्ये योकोहामा खुलं झाल्यावर पुढच्या काही दशकांत जगाची रेशमपेठ ताब्यात घेतली. पुढे नायलॉन आलं, युद्ध आलं, आणि जपानची जागा हळूहळू चीनने घेतली.

भारताने चिनी रेशमाच्या आयातीला जकातीने उत्तर दिलं. २००३ मध्ये चीनच्या २ए आणि त्याखालच्या प्रतीच्या कच्च्या रेशमावर प्रतिपाटन (अँटी-डंपिंग) शुल्क बसलं. शुल्क खालच्या प्रतीवर, पण ताण्याला हवी वरची प्रत. म्हणजे भिंत जिथे बांधली तिथून ताण्याचा मुख्य रस्ता जातच नव्हता. मूळ जकातीचा प्रवास तर झोक्यासारखा आहे: २०११च्या अर्थसंकल्पात ३० वरून ५ टक्के, २०१३ मध्ये ५ वरून १५, मधे १० पर्यंत उतरून २०२१ मध्ये कच्चं रेशीम आणि रेशमी सूत दोन्हींवर पुन्हा १५. प्रत्येक फेरीत कोष पिकवणारा शेतकरी आणि धागा विकत घेणारा विणकर समोरासमोर उभे राहिले. धोरण ठरवताना या दोघांना एकाच ‘रेशीम उद्योगा’त मोजायची सवय मला दिशाभूल करणारी वाटते, एकाचा भाव हा दुसऱ्याचा खर्च आहे.

महेश्वरच्या विणकराला तर पर्यायही अपुरा. येवल्याचा पैठणी विणकर बाण्यात देशी रेशीम घालून खर्चाचा काही भाग सावरू शकतो. महेश्वरीचा बाणा आधीच सुती, त्यामुळे रेशमाच्या भावातली प्रत्येक उसळी सरळ ताण्यावर येते. शिवाय धाग्यावर जकात वाढवून तयार कापडाला वाट मोकळी ठेवली, तर व्यापारी धागा सोडून कापडच आणतो, आणि मग विणकराला स्पर्धा धाग्याची नव्हे, कापडाची करावी लागते.

उत्तर जकातीच्या तक्त्याबाहेर शोधावं लागेल, आणि त्यातला एक भाग मराठवाड्यात आहे. तिथे तुतीवर द्विप्रज कोष पिकतात आणि २०१८ मध्ये जालन्याला कोष खरेदीची बाजारपेठही सुरू झाली. तरी चांगला कोष म्हणजे चांगला धागा नव्हे. महाराष्ट्रातले कोष वर्षानुवर्षं कर्नाटकात रामनगरला विकले गेले, कारण ते एकसारखे उकलणारी यंत्रं आणि हात तिकडे होते. कोषाच्या भावाची चर्चा जिल्ह्याजिल्ह्यांत होते. उकललेल्या धाग्याची प्रत तपासून ती लडीवर लिहायची, म्हणजे महेश्वरचा विणकर न पाहता मागवू शकेल, ही मागणी मात्र क्वचित ऐकू येते.