पाय गेल्यावरची नोकरी

डग्लस बाडरचं नाव निघालं की सगळे त्याने पाडलेली विमानं मोजतात. बावीस. मला मात्र त्याची नोकरी जास्त सांगावीशी वाटते.

जन्म लंडनचा, १९१०चा. वडील हिंदुस्थानात इंजिनियर, त्यामुळे लहानपणी थोडे दिवस तोही इकडे होता. पुढे हवाई दलात वैमानिक झाला. अंगात मस्ती भारी! १४ डिसेंबर १९३१ला वुडलीच्या मैदानावर जमिनीलगत विमानाची कोलांटी घ्यायला गेला आणि कोसळला. दोन्ही पाय कापावे लागले, एक गुडघ्याच्या वर, एक खाली. वय एकवीस.

धातूचे पाय लावून तो चालायला शिकला, मोटार हाकायला लागला, विमानसुद्धा पुन्हा उडवून दाखवलं. तरी १९३३मध्ये हवाई दलाने घरी पाठवलंच. नियमात बसत नाही म्हणे!

आता बघा, उडण्याशिवाय दुसरं काही येत नाही आणि तेच बंद. अशा वेळी शेलच्या एशियाटिक पेट्रोलियम कंपनीत त्याला टेबलाचं काम मिळालं. कंटाळवाणं, पण पगाराचं. त्याच वर्षी थेल्माशी लग्न झालं. ती एका चहाच्या दुकानात वाढायची, तिथलीच ओळख. आपल्याकडे अशा स्थळाला किती घरांनी होकार दिला असता, सांगा!

१९३९ला युद्ध पेटलं, वैमानिक हवे झाले, मग नियमही वाकले. तो लढला, गाजला. ९ ऑगस्ट १९४१ला फ्रान्सवर विमान पडलं, तेव्हा एक पाय आत अडकला. तो तिथेच टाकून हा पॅराशूटने उतरला. जर्मनांनी परवानगी दिली आणि इंग्रजांनी नवा पाय विमानातून खाली सोडला! पुढे कोल्डिट्झचा किल्ला, १९४५पर्यंत कैद. थेल्मा इकडे जवळजवळ चार वर्षं वाट बघत.

१९४६मध्ये तो परत शेलमध्येच गेला. या खेपेला कंपनीने टेबलाबरोबर विमानही दिलं. कामासाठी देशोदेशी स्वतः उडवत जायचा, कितीदा थेल्मा शेजारी. शेवटी शेल एअरक्राफ्टचा मॅनेजिंग डायरेक्टर झाला, १९६९मध्ये निवृत्त.

देवमाणूस वगैरे नव्हता हं. तोंडाचा फटकळ, हट्टी. ऱ्होडेशियातल्या गोऱ्यांच्या राजवटीची बाजू घ्यायचा, ते मला मुळीच पटत नाही. पण जाईल तिथे हातपाय गमावलेल्या माणसांना, मुलांना आवर्जून भेटायचा. त्यांना उपदेश कशाला हवा? दोन्ही पाय नसलेला माणूस कोट-टाय घालून, कंपनीच्या कामावरून, स्वतःच्या पायांनी खोलीत आलाय, एवढं बघूनच जीव थाऱ्यावर येत असेल.

१९७६मध्ये त्याला ‘सर’ केलं, ते अपंगांसाठी केलेल्या कामाबद्दल. थेल्मा मात्र ते बघायला नव्हती. १९७१मध्येच ती गेली होती.