रास्पबेरी पायचं वाय-फाय सारखं तुटतंय? या क्रमाने तपासा

समजा, साक्री तालुक्यातल्या एका कांदाचाळीत तापमान आणि आर्द्रता मोजायला तुम्ही रास्पबेरी पाय लावला आहे. तो दिवसातून तीन-चारदा नेटवर्कवरून गायब होतो. चाळीत दमटपणा वाढून कांदा सडायला लागला, तरी मोबाइलवर कालचाच आकडा दिसतो. अशा वेळी नवीन पाय घेण्याआधी पुढच्या गोष्टी तपासा. कमांड मात्र इंग्रजी लिपीतच टाइप करा.

१. बिघाड नेमका कुठे?
पायला मॉनिटर-कीबोर्ड जोडून आधी राउटरला पिंग करा (पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१), मग ८.८.८.८ ला. राउटर उत्तर देतो पण ८.८.८.८ देत नाही, तर वाय-फाय ठीक आहे, अडचण इंटरनेटच्या लाइनमध्ये आहे. राउटरच उत्तर देत नसेल, तर पुढे वाचा.

२. वीजपुरवठा
पाय ४ ला ५ व्होल्ट, ३ अँपिअर लागतात. पाय ३ ला २.५ अँपिअर. मोबाइलचा जुना चार्जर आणि लांब, बारीक केबल असली की व्होल्टेज पडतं. ते सुमारे ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की पाय इशारा देतो. 'व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड' ही कमांड चालवा. उत्तर ०एक्स० आलं तर वीज ठीक. ०एक्स५०००० आलं तर पाय सुरू झाल्यापासून कधीतरी वीज कमी पडली आहे. आधी चार्जर आणि केबल बदला.

३. वाय-फायची झोप
वीज वाचवण्यासाठी वाय-फाय चिप अधूनमधून झोपते. पाय स्वतः बाहेर माहिती पाठवतो, पण तुम्ही बाहेरून लॉगिन करायला गेलात की उशिरा उत्तर देतो किंवा देतच नाही, हे याचं लक्षण. 'सुडो आयडब्ल्यू डीईव्ही डब्ल्यूलॅन० सेट पॉवर_सेव्ह ऑफ' ही कमांड देऊन बघा. रीस्टार्टनंतर ती पुसली जाते. फरक पडला, तर नेटवर्कमॅनेजरच्या सेटिंगमध्ये पॉवरसेव्हचा आकडा २ करा, म्हणजे बदल कायम राहील. २०२३ च्या बुकवर्म आवृत्तीपासून रास्पबेरी पाय ओएसमध्ये नेटवर्कमॅनेजरच असतो.

४. सिग्नल आणि बँड
पाय ३ बी, झीरो डब्ल्यू आणि झीरो २ डब्ल्यू फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. राउटर फक्त ५ गिगाहर्ट्झवर असेल, तर त्यांना तो दिसणारच नाही. ३ बी+ आणि पाय ४ दोन्ही बँडवर चालतात, पण जाड भिंतीतून ५ गिगाहर्ट्झ लवकर कमजोर होतो. खानदेशातल्या धाब्याच्या घरांच्या मातीच्या भिंती किंवा चाळीचे पत्रे मध्ये असतील, तर २.४ च निवडा.

'आयडब्ल्यू डीईव्ही डब्ल्यूलॅन० लिंक' सिग्नलचा आकडा सांगते. उणे ६० चांगला, उणे ८० म्हणजे संपर्क डळमळीत. धातूची केस काढा. राउटरचा चॅनेल १, ६ किंवा ११ पैकी कमी गर्दीचा ठेवा. पाय ४ ला यूएसबी ३ हार्ड डिस्क खेटून असेल, तर ती केबलने दूर न्या. तिचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झवर पडतो. रास्पी-कॉन्फिगमध्ये वाय-फायचा देश 'भारत' आहे ना, तेही बघा.

५. आकडे हातचे जाऊ देऊ नका
एका वेळी एकच बदल करा आणि दिवसभर थांबा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. मोजलेले आकडे आधी पायच्या कार्डवर साठवा आणि संपर्क आला की पाठवा. म्हणजे वाय-फाय तुटलं तरी नोंद शाबूत राहते. तरीही जमलं नाही आणि राउटर जवळ असेल, तर नेटवर्क केबल ओढा. चाळीतल्या मालापेक्षा ती नक्कीच स्वस्त पडते.