पाट्यांपासून विशबोनपर्यंत : जुन्या स्पोर्ट्‌स गाडीचे स्टिअरिंग आणि पुढचे सस्पेन्शन

उद्दिष्ट : जुन्या स्पोर्ट्‌स गाडीच्या पुढच्या भागात सुधारणा करताना काय बदलावे आणि काय जपावे, हे इतिहासाच्या आधारे समजून घेणे.

1. प्रश्न कोठून येतो?

पानिपत शहर राष्ट्रीय महामार्ग 44 वर वसलेले आहे. समजा, येथील एखाद्या घरात 1948 सालची एमजी टीसी ही दोन आसनी ब्रिटिश स्पोर्ट्‌स गाडी चालू स्थितीत आहे. वेगाने धावणाऱ्या ट्रकांमध्ये ती सरळ रेषेत ठेवण्यासाठी चालकाला स्टिअरिंग सतत डावी-उजवीकडे सावरावे लागते. मेकॅनिक म्हणतो, "पुढचा सगळा सेट बदलून टाका." मालकाला गाडी सुरक्षित हवी आहे, पण तिचे मूळ रूपही घालवायचे नाही. उत्तर शोधण्यापूर्वी ही अडचण कशी निर्माण झाली, ते पाहू.

2. अखंड आस आणि त्याचे दोष

वळताना आतले चाक बाहेरच्या चाकापेक्षा जास्त कोनात वळले पाहिजे. ही कल्पना म्युनिकच्या गेओर्ग लांकेनश्पेर्गर यांची. तिचे इंग्लंडमधील पेटंट रुडॉल्फ अ‍ॅकरमन यांनी 1818 मध्ये घेतले, म्हणून ती 'अ‍ॅकरमन रचना' म्हणून ओळखली जाते. ही कल्पना घोडागाडीसाठी होती. मोटारीने ती पुढे स्वीकारली. घोडागाडीचा अखंड आस आणि पाटेही मोटारीत आले.

अखंड आसाचा दोष असा की, एक चाक खड्ड्यात गेले की दुसरेही कलते. फिरणारे चाक एकदम कलले की ते स्वतःहून वळू पाहते. त्यामुळे ठरावीक वेगाला पुढची चाके थरथरू लागतात. याला शिमी म्हणतात. प्रत्येक चाक स्वतंत्रपणे वर-खाली होऊ देणे हा त्यावरचा उपाय. लान्चियाच्या 1922 च्या लाम्ब्डा गाडीत तो दिसतो. अमेरिकेत 1934 मध्ये जनरल मोटर्सने तो आणला. त्यामागे मॉरिस ऑली या अभियंत्याचे काम होते.

3. कारखान्याने केलेली सुधारणा

एमजी टीसी 1945 ते 1949 या काळात इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डन येथे बनली. एकूण सुमारे 10,000 गाड्या तयार झाल्या. तिला अखंड आस, पाटे आणि बिशप कॅम प्रकारची स्टिअरिंग पेटी होती. या पेटीत एक खुंटी स्क्रूसारख्या खाचेतून सरकते. खाच झिजली की स्टिअरिंगमध्ये 'प्ले' येतो. आपल्या उदाहरणातील गाडीचा आजार हाच आहे.

त्याच कंपनीच्या 1947 च्या वाय-टाइप सेडानमध्ये मात्र विशबोन, कॉइल स्प्रिंग आणि रॅक-पिनियन स्टिअरिंग होते. त्या रचनेवर अ‍ॅलेक इसिगोनिस आणि जॅक डॅनियल्स यांनी काम केले होते. तीच रचना टीसीनंतरच्या टीडी या स्पोर्ट्‌स गाडीला मिळाली. टीडी सुमारे 30,000 विकली गेली, आणि तिच्या पुढच्या सस्पेन्शनची मूळ मांडणी 1980 पर्यंत बनलेल्या एमजीबीमध्येही टिकली.

येथे एक बाब लक्षात घ्या. कंपनीने टीसीच्या चॅसिसवर नुसता रॅक बसवला नाही. चॅसिस, सस्पेन्शन आणि स्टिअरिंग एकत्र बदलले.

4. असे का करावे लागते?

चाक वर-खाली होताना विशबोनचे टोक एका कमानीत फिरते. टाय रॉडचे टोकही कमानीत फिरते. या दोन कमानी जुळल्या नाहीत, तर चालकाने स्टिअरिंग न हलवताही खड्ड्यात चाक वळते. याला बंप स्टिअर म्हणतात. रॅक काही मिलिमीटर वर किंवा खाली बसला, तरी हा दोष येतो. म्हणजे नवा, महागडा रॅक चुकीच्या जागी बसवलेली गाडी जुन्या, झिजलेल्या गाडीपेक्षा धोकादायक ठरू शकते.

5. भारतातील रस्त्यांवर

ही प्रगती आपल्याकडे स्पोर्ट्‌स गाड्यांतून नव्हे, तर सामान्य गाड्यांतून पोहोचली. वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या फियाट 1100 ला, म्हणजेच पुढच्या पद्मिनीला, दुहेरी विशबोन आणि कॉइल स्प्रिंग होत्या. अ‍ॅम्बॅसेडरला टॉर्शन बार आणि रॅक-पिनियन होते. मद्रासमध्ये बनणाऱ्या स्टँडर्ड हेराल्डची पुढची मांडणी थोड्याफार फरकाने ट्रायम्फ स्पिटफायर या स्पोर्ट्‌स गाडीत होती. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी या बाबतीत एमजी टीसीच्या पुढे होती!

6. कायदा काय म्हणतो?

पानिपत जिल्हा राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात येतो. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या क्षेत्रात 15 वर्षांहून जुन्या पेट्रोल गाड्या चालवण्यास मनाई केली. 2025 मध्ये न्यायालयानेच त्यात काही सवलत दिली. दरम्यान, जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारने विंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षे झालेली आणि मूळ रूपात जपलेली गाडी त्यात बसते. तिच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. ती प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती अशा कामांसाठीच रस्त्यावर आणता येते.

चॅसिस, बॉडी किंवा इंजिन यांतील फेरफार मोठा बदल मानला जातो. स्टिअरिंगचे नाव या व्याख्येत नाही; पण रॅकसाठी चॅसिस कापली किंवा वेल्डिंग केले, तर तो चॅसिसमधील फेरफार ठरेल. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केले आहे.

7. समारोप

आपल्या टीसी मालकाने कामाचा क्रम असा ठेवावा. आधी किंगपिन, बुश, टाय रॉडचे सांधे आणि बेअरिंग मूळ मापाला आणावेत. बहुतेक 'प्ले' येथेच जातो. नंतर पेटीची दुरुस्ती आणि जुळवणी करावी. गरज पडल्यास आस आणि पाटे यांच्यामध्ये पाचर घालून कॅस्टर कोन सुधारावा. ही पाचर उद्या काढता येते. काही मालक फोक्सवॅगनची रोलर असलेली पेटी बसवतात. तसे करायचे तर आधी परिवहन कार्यालयात विचारावे आणि मूळ पेटी जपून ठेवावी. चॅसिसला मात्र हात लावू नये. एवढे करूनही गाडी महामार्गावरील आजच्या वेगासाठी बनलेली नाही, हे मान्य करून ती रविवारी सकाळच्या रॅलीलाच काढावी. जुन्या गाडीचा वेग कमी ठेवणे हाही सुरक्षेचाच उपाय आहे.

स्वाध्याय
1. बंप स्टिअर म्हणजे काय? आकृतीसह स्पष्ट करा.
2. टीसी ते टीडी या बदलात चॅसिसही का बदलावी लागली?
3. तुमच्या गावातील एखाद्या जुन्या गाडीच्या पुढच्या सस्पेन्शनचे निरीक्षण करून ते अखंड आसाचे आहे की स्वतंत्र, ते लिहा.