परक्या देशातल्या व्हेराबाई

स्मरणिकेसाठी इतिहासावर चार पाने लिहा, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा सातवी शिकलेली ही बाई जिजाऊंवर किंवा अहिल्याबाईंवर लिहील, असेच सर्वांना वाटले असेल. त्यांच्यावर पुष्कळ लिहून झाले आहे. मी आज एका निराळ्याच बाईची हकीकत सांगणार आहे. ती हेरखात्यात अधिकारी होती, आणि ज्या देशासाठी ती राबली तो देश मुळात तिचा नव्हता.

भगिनींनो, आपले भुसावळ रेल्वेने वाढवलेले गाव. यार्डात आणि लोकोत कामाला कुठकुठची माणसे आली, बिऱ्हाडे थाटली आणि इथलीच झाली. तेव्हा बाहेरून आलेले माणूस किती दिवसांनी घरचे समजायचे, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. व्हेरा अ‍ॅटकिन्स यांचे सारे आयुष्य या एका प्रश्नाभोवती फिरले.

त्यांचा जन्म १९०८ साली रुमानियात झाला. वडील जर्मन ज्यू, आडनाव रोझेनबर्ग. वडील वारल्यावर, १९३७ साली, हिटलरची छाया वाढत असताना मायलेकी इंग्लंडला आल्या. तिथे त्यांनी आईचे माहेरचे आडनाव लावले. आपल्याकडे लग्नानंतर मुलीचे नाव बदलतात, यांनी देश बदलला तसे नाव बदलले.

शत्रूच्या ताब्यातल्या मुलखात घातपात घडवण्यासाठी इंग्लंडने १९४० साली एक गुप्त खाते काढले. त्याच्या फ्रान्स शाखेत व्हेराबाई १९४१ साली चिटणीस म्हणून लागल्या आणि थोड्याच काळात शाखेच्या गुप्तवार्ता अधिकारी झाल्या. वरचे साहेब कर्नल बकमास्टर. त्याच वर्षाच्या डिसेंबरात इंग्लंडने रुमानियाविरुद्ध युद्ध पुकारले. म्हणजे पाहा, कागदावर ही बाई शत्रुराष्ट्राची, आणि देशातली अत्यंत गुप्त कागदपत्रे तिच्याच टेबलावर!

या शाखेने चारशेहून अधिक हेर फ्रान्समध्ये उतरवले. त्यांत ३९ बायका होत्या. निघण्यापूर्वी व्हेराबाई प्रत्येकाची झडती घेत. शिवण फ्रेंच शिंप्यासारखी आहे ना, खिशात लंडनचे एखादे तिकीट तर राहिले नाही ना, सारे पाहत. हे काम बाईनेच करावे! घरच्यांसाठी हेर आगाऊ पत्रे लिहून ठेवत, आणि व्हेराबाई ती ठराविक दिवसांनी टपालात टाकत.

या बायकांतली एक मुलगी आपल्या जवळची होती. नूर इनायत खान. तिचे वडील इनायत खान बडोद्याचे. पणजोबा मौलाबक्ष हे तिथले नामांकित गवई, त्यांची संगीतशाळा सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८८६ साली निघाली. आणि सयाजीराव मूळचे कुठले, तर मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचे, म्हणजे आपल्या शेजारचेच. नूरचा जन्म मॉस्कोत, आई अमेरिकन, बालपण पॅरिसजवळ. वडील १९२७ साली गेले तेव्हा तेरा वर्षांच्या या मुलीवर आईचा आणि धाकट्या भावंडांचा भार आला. १९४० साली हे कुटुंबही जीव वाचवून इंग्लंडला पोहोचले.

हे काम नूरला झेपेल का, अशी शंका आल्यावर व्हेराबाईंनी तिला जेवायला नेऊन सरळ विचारले. काळजी आहे ती आईची, असे ती म्हणाली. मी बेपत्ता झाले तर आईला लगेच कळवू नका, मेल्याची खात्री झाली तरच सांगा, एवढेच तिचे मागणे होते. १९४३ च्या जूनमध्ये ती निघाली तेव्हा व्हेराबाईंनी आपल्या कोटावरची चांदीची पक्ष्याची पिन काढून तिला दिली.

ऑक्टोबरात नूर पकडली गेली. तिचे बिनतारी यंत्र जर्मनांच्या हाती लागले आणि तिच्याच नावाने ते लंडनला संदेश धाडू लागले. सोनिया नावाच्या एका मुलीने पॅरिसहून इशारा पाठवला होता. पण ती फ्रान्समध्येच भरती झालेली, लंडनच्या कचेरीला तिचे नाव ठाऊक नव्हते. इशारा बाजूला पडला. संदेश खरेच समजून १९४४ च्या फेब्रुवारीत आणखी हेर विमानातून उतरवले गेले, ते थेट जर्मनांच्या हातात.

व्हेराबाईंनी त्या वेळी आवाज का उठवला नाही, हा प्रश्न पुढे पुष्कळांनी विचारला. मला एक तारीख महत्त्वाची वाटते. त्यांना ब्रिटिश नागरिकत्व मिळाले ते याच १९४४ च्या फेब्रुवारीत. साहेबाची मर्जी हवी, कागद अडकलेला, आणि आपण परक्या. नव्या घरात सून वडीलधाऱ्यांच्या चुकीवर बोट ठेवते का? हे कारण मला समजते, पण त्यापायी माणसे मेली हे विसरता येत नाही.

युद्ध संपले. ११८ जण परतले नव्हते. खाते गुंडाळायला निघाले होते, कोणाला फारशी घाई नव्हती. व्हेराबाई मात्र १९४६ साली जर्मनीत गेल्या. छळछावण्यांचे पहारेकरी आणि अधिकारी यांच्या जबान्या त्यांनी घेतल्या, ऑशविट्झचा मुख्य हेस याचीही घेतली. नाट्झवायलर छावणीत ६ जुलै १९४४ रोजी चार बायकांना मारले होते. चौथी बुटकी, काळ्या केसांची. ती नूरच, असे त्यांनी आधी ठरवले आणि तसे घरच्यांना कळवलेही गेले.

पण एका फ्रेंच बाईचे म्हणणे आले की, त्या तारखेनंतरही नूर फोर्झहाइमच्या तुरुंगात होती. तिला साखळदंडात एकटीच कोंडले होते. जेवणाच्या भांड्याच्या बुडाशी अक्षरे कोरून ती दुसऱ्या कोठडीतल्या बायकांशी बोले. भांडी कोणती कुठे जातात याची ओळख अशीही असते! व्हेराबाईंनी तपास पुन्हा उघडला. नूरला १३ सप्टेंबर १९४४ रोजी डाखाव येथे गोळी घातली होती. तिच्याबरोबर मेलेल्या तिघींतली मादलेन दामेरमाँ ही त्याच फेब्रुवारीत खोट्या संदेशावर उतरलेली.

आणि नाट्झवायलरची चौथी कोण? तीच सोनिया, जिचा इशारा कोणी ऐकला नव्हता.

नूरला १९४९ साली जॉर्ज क्रॉस हे मरणोत्तर पदक मिळाले. तिची आईही त्याच वर्षी वारली. व्हेराबाईंनी ११८ पैकी ११७ जणांचे काय झाले ते शोधून काढले. पुढे त्या इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ एका लहान गावात राहिल्या, लग्न केले नाही. २००० साली, ९२ व्या वर्षी वारल्या. आपला जन्म रुमानियातला आहे, हे त्या शेवटपर्यंत लपवीत राहिल्या.